सिरॅमिक कोटिंग: नव्या गाडीला २८ हजारांचा मुलामा कशाला?

तळजाईकर
पाडव्याला गाडी घरी आली. काळी. शोरूममधल्या पोराने पेढ्याबरोबरच सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे रंगावर काचेसारखा पातळ थर देणाऱ्या द्रवाचं, पत्रक हातात दिलं. "सर, काळा रंग आहे. कोटिंग नाही केलंत तर सहा महिन्यांत बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं दिसेल." बायको म्हणाली, एवढे घातले तर तेवढ्यासाठी काय अडायचं. दिले २८ हजार. दुपारी तीनला गाडी आत गेली, सातला हार घालून बाहेर.

आठवड्याने पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली पाहतो तर बॉनेटवर डिझेल सांडल्यासारखे सप्तरंगी डाग. पुसले, जाईनात. डाव्या दारावर फडकं फिरवल्याची वळणं जशीच्या तशी गोठलेली, सारवलेल्या अंगणात बोटं उठतात तशी. शोरूम म्हणतं, "चार वॉशमध्ये जाईल." जून संपला, वॉश दहा झाले, डाग आहेत तिथेच.

माझं मत: कारखान्यातून रंगावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, आलेलाच असतो. त्यावर आणखी काही चोपडणं म्हणजे सोन्याला मुलामा. विरुद्ध मत असेल तर जरूर मांडा.

फडकंबहाद्दर
माझा धंदाच हा आहे, तेव्हा मी कोटिंगच्या बाजूने बोलणार हे गृहीत धरून वाचा.

तीन ते सात? तिथेच कळलं. नवी गाडी म्हणजे स्वच्छ गाडी नव्हे. ती यार्डात उन्हात उभी असते, ट्रेलरवरून येते, रंगात लोखंडाचे बारीक कण रुतलेले असतात. त्यावर आयर्न रिमूव्हर मारला की जांभळे ओघळ येतात, गिऱ्हाईक बघून घाबरतं. मग क्ले (रुतलेले कण ओढून काढणारी चिकट माती) फिरवायचा, पॉलिश करायचं, पॉलिशचं तेल अल्कोहोलने पुसून काढायचं. यातच दिवस जातो. कोटिंगची बाटली उघडायची ती त्यानंतर.

आणि बाटली उघडल्यावर खेळ मिनिटांचा. अॅप्लिकेटरवर चार-सहा थेंब, दोन फूट बाय दोन फूट भाग, आधी आडवं मग उभं. पातळ थर जरा धुरकट दिसायला लागला की लगेच मायक्रोफायबरने सपाट करायचा. उन्हाळ्यात हे मिनिटभरात होतं, गार हवेत जास्त वेळ लागतो. पुसायला उशीर झाला की जास्तीचा माल तिथेच वाळतो. तुमचे सप्तरंगी डाग ते हेच, आम्ही हाय स्पॉट म्हणतो. पहिल्या तासाभरात त्यावर ताजा थेंब फिरवला असता तर विरघळून निघाला असता. आता मशीनने पॉलिश करून काढावा लागेल. वॉशने जन्मात जाणार नाही.

पाडव्याच्या दिवशी शोरूममध्ये डिलिव्हरीची रांग असते, मालकाला मुहूर्त गाठायचा असतो. त्या गर्दीत हे काम होत नाही.

तळजाईकर
म्हणजे कोटिंग काढायला पॉलिश, आणि पॉलिशवर पुन्हा कोटिंग? हे तर दाढदुखीसाठी दात काढून पुन्हा दात बसवण्यासारखं झालं.

नुसतावाचक
धागाकर्त्याशी सहमत. पॉलिशचं कुणी बोलत नाही. क्लिअर कोट असतो साधारण ४०-५० मायक्रॉन. प्रत्येक मशीन पॉलिश त्यातले काही मायक्रॉन खातं, आणि वर लावायचं कोटिंग जेमतेम मायक्रॉन-दोन मायक्रॉन. म्हणजे रखवालदार ठेवण्यासाठी भिंत तासायची.

शिवाय कोटिंगच्या कठीणपणाचं ते '९एच'. सेल्समन असं सांगतो की जणू हिऱ्याच्या खालोखाल. ती पेन्सिलीची मोजपट्टी आहे हो! ९एचच्या पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, एवढाच तिचा अर्थ. रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झ असतं, खनिजांच्या कठीणपणाच्या मोहस् पट्टीवर ७. त्याच्यापुढे पेन्सिल काय टिकणार. आमच्या सोसायटीत गाडी पुसणारा एका बादलीत बारा गाड्या उरकतो. सातव्या गाडीपर्यंत फडक्याचं सँडपेपर झालेलं असतं. २८ हजारांऐवजी त्याला दोन स्वच्छ फडकी आणि शाम्पूची बाटली घेऊन द्या.

गुहागरकर
तुम्ही पुण्याचे लोक बॉनेट बघत बसा. इकडे गाडी मरते ती खालून. खारा वारा, जांभ्याचा चिखल, चार महिने पाऊस. मी दहा वर्षांपूर्वी वरचं सगळं सोडून खाली रबरी अंडरबॉडी कोटिंग मारून घेतलं. तीन वर्षांनी लिफ्टवर घेतली, मेकॅनिकने पेचकस टेकवला तर थर पापडासारखा सुटून हातात. आत ओला गंज. मारणाऱ्याने चिखल नीट धुतला नव्हता आणि दाराखालची पाणी जायची भोकंसुद्धा बुजवून टाकली होती. पाणी जाणार कुठे?

तरी सांगतो, नीट मारलेलं हवंच. भावाने त्याच्या गाडीला समोर उभं राहून मारून घेतलं, ती आजही ठणठणीत आहे.

दुबईवारी
सरळ पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) करा, विषय संपला. इथे वाळूचा मारा असतो, सिरॅमिक काय करणार? फिल्म दीड-दोनशे मायक्रॉन जाड, खडा खरंच अडवते. बारीक ओरखडे उन्हात आपोआप भरून येतात.

(माझ्या गाडीला बसवणाऱ्याने फिल्म गाडीवरच ब्लेडने कापली. काढली तेव्हा बंपरच्या कडेला रंगावर सरळ रेघ. पण ती चूक त्याची, फिल्मची नाही.)

नुसतावाचक
गंमत बघा. तिघेही म्हणताहेत वस्तू चांगली, लावणारा वाईट. मग आम्ही चांगला लावणारा ओळखायचा कसा? वॉरंटी कार्डावरून? मित्राकडे पाच वर्षांचं कार्ड होतं. दर सहा महिन्यांना पैसे भरून 'मेंटेनन्स कोट' घ्यायची अट मागच्या बाजूला बारीक अक्षरात. एक चुकला, कार्ड रद्द.

फडकंबहाद्दर
तीन प्रश्न विचारा. किती दिवस गाडी ठेवणार? पेंट थिकनेस मीटर आहे का? पॉलिशनंतर, कोटिंगच्या आधी मला बघू द्याल का? तिसऱ्या प्रश्नाला जो कुरकुरतो त्याच्याकडून निघा. आणि अपघातानंतर पॅनल पुन्हा रंगवलं असेल तर महिनाभर तरी कोटिंग नको. गॅरेजच्या रंगातलं सॉल्व्हंट बाहेर पडायला वेळ लागतो. असल्या पॅनलवरची फिल्म ओढताना रंगही सोबत येऊ शकतो.

पॉलिशचा मुद्दा मान्य. म्हणूनच एकदा नीट करा आणि दरवर्षी रबिंग मारून घेणं बंद करा.

तळजाईकर, दहा वॉश कशाने केलेत? बोअरच्या पाण्याने?

तळजाईकर
बोअर आणि टँकर, जे येईल ते. का?

फडकंबहाद्दर
कोटिंगवर पाण्याचे मणी होतात, त्याचे तुम्ही व्हिडिओ पाहिले असतील. वाऱ्याने घरंगळले तर छान. पार्किंगमध्ये उभ्या गाडीवर तेच मणी उन्हात वाळतात आणि प्रत्येकाच्या जागी क्षाराचं कडं उरतं. साध्या रंगावर पाणी पसरतं, डाग पुसट पडतो. कोटिंगवर ठसठशीत. धुतल्यावर लगेच कोरडी केली नाही तर कोटिंग केलेली गाडी जास्त घाण दिसते. हे आम्ही सांगत नाही, विकताना.

तळजाईकर
काल प्युरिफायरवाला आला होता, त्याच्या मीटरवर बोअरचं पाणी बघितलं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ९१०. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.

गाडीच्या छतावरची क्षाराची कडी आता मोजायला घेतली नाहीत. व्हिनेगर पाण्यात मिसळून एका कोपऱ्यावर करून पाहिलं, थोडी फिकी झाली. बॉनेटचे डाग मात्र जैसे थे. मत बदललेलं नाही, पण बहाद्दर, शनिवारी गाडी दाखवायला आणू का? कोटिंग करणार नाही, आधीच सांगतो.

फडकंबहाद्दर
आणा. सकाळी दहाच्या आत, उन्हात उभी न करता. आणि बादलीवाल्याला शुक्रवारी सुट्टी द्या.