मणक्यात गॅप, गादी झिजणे, नस दबणे: तुमचे अनुभव

रानजाई
गणपतीची भांडी काढायला माळा उपसला तर आईच्या एमआरआयची फिल्म हाती लागली आणि ते सगळं वर्ष आठवलं. एल४-एल५, एल५-एस१, म्हणजे कमरेच्या तळाशी मणक्यांच्या मधल्या दोन्ही गाद्या झिजलेल्या. डावा पाय कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत ठणकायचा, रात्री कूस बदलली की कळ. भेटायला येईल तो सांगणार, मणक्यात गॅप आलाय, वाकू नका, उचलू नका, त्या धसक्यानेच ती अर्धी झाली. डॉक्टर म्हणाले गादीतलं पाणी वयाप्रमाणे कमी होतं, केस पिकतात तसंच, म्हणजे पाठ कामातून गेली असं नाही. गुण आला तो रोजच्या चालण्याने आणि व्यायामाने. आता विळी बंद, पण ओट्याशी एक पाय पाटावर ठेवून उभी राहते, थोड्या वेळाने पाय बदलते, असं करत पुरणपोळ्यासुद्धा करते. तुमच्याकडे कसं सांभाळता, लिहा.

डोंबिवलीकर
माझं मानेचं. सी५-सी६, अंगठ्यात मुंग्या. सॅक दोन्ही खांद्यांवर, लॅपटॉप उंचावर, मानेचे व्यायाम. हळूहळू गेल्या मुंग्या, ऑपरेशन लागलं नाही. सविस्तर घरी पोचल्यावर लिहितो, आता ट्रेनमध्ये उभा आहे.

गोदातीर
डोंबिवलीकर, आधी नीट घरी पोचा, मग लिहा 🙂
रानजाई, आईंना नमस्कार. आमचे बाबा एसटीला ड्रायव्हर होते, सीटचे हादरे आणि खड्डे यात उभी नोकरी गेली. कंबर धरली की लोक म्हणायचे पडून राहा, आणि पडून राहिले की जास्तच आखडायचे. आई निर्गुडीचा पाला उकळून शेक द्यायची, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. फार सोसलं हो त्यांनी.

मुक्ता_फिजिओ
पेशंटच्या मधल्या वेळात लिहितेय. मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो, आजूबाजूच्या हाडातून झिरपेल त्यावर ती जगते, म्हणून हालचाल हवी आणि सिगारेट नको. २०१५ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या स्कॅनमध्ये झीज होती! रिपोर्ट वाचून घाबरलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते. रात्रभरात गादी पाणी शोषून फुगते, त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या खाली वाकून बादली उचलू नका, जरा वेळ जाऊ द्या. कंबरपट्टा प्रवासापुरता ठीक, दिवसभर नको.
पण लघवी अडली किंवा नकळत झाली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल उचलेना, तर शेक-तेल करत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

सह्यकडा
हे शेवटचं सगळ्यांनी वाचाच. माझ्या मावसभावाचं असंच झालं होतं, घरच्यांनी रातोरात नेलं आणि लगेच ऑपरेशन झालं म्हणून आज चालतोय.

आक्काबाई
आमच्याकडं भातलावणीत दिवसभर वाकून काम, फिजिओ कुठून आणायचा, तालुक्याला जायचं तर रोज बुडतो. मी मधे मधे सरळ उभी राहून कमरेवर हात ठेवून मागं वाकते, रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन पडते. बायांना कुणी विचारतच नाही कंबर दुखते का म्हणून.

रानजाई
आक्का, तुमचं वाचून पोटात तुटलं. लावणी संपली की एकदा दाखवून याच.

मुक्ता_फिजिओ
आक्काबाई, मागे वाकणं चांगलंय, पण तसं करताना पायात कळ उतरली तर थांबायचं. घरी करता येतील असे व्यायाम व्यनि (खाजगी निरोप) करते.

गोदातीर
विषयांतर होतंय, पण गावच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास आहे, बाबांना बसता येत नाही आणि दिवाळीला तर जायचंय. काय करता येईल?

सह्यकडा
घडीची कमोड खुर्ची घ्या, सर्जिकलच्या दुकानात मिळते. पायांना रबर आहे का बघून घ्या, ओल्या फरशीवर सरकते नाहीतर.