मदत हवी आहे : चार्ली सटनबद्दल मेलबर्नकरांना प्रश्न

नमस्कार मंडळी. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधल्या जुन्या कर्णधारांवर एक छोटा लेख लिहितोय आणि मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या फुट्सक्रे क्लबच्या (आजचा वेस्टर्न बुलडॉग्ज) चार्ली सटनपाशी अडकलोय. मेलबर्नच्या पश्चिम भागात राहणारं किंवा हा खेळ जवळून पाहणारं कुणी इथे आहे का?

सटन मूळचा बचावपटू, बॅक पॉकेटला (आपल्या गोलजवळच्या कोपऱ्यात) खेळणारा. १९४२मध्ये पदार्पण, मग युद्धाची वर्षं सोडून १९४६ ते १९५६. एकूण १७३ सामने. १९५१पासून कर्णधार आणि प्रशिक्षक दोन्ही तोच! १९५४च्या अंतिम सामन्यात फुट्सक्रेने मेलबर्न क्लबला १०२–५१ असं लोळवलं. सर्वोच्च लीगमधलं क्लबचं ते पहिलं विजेतेपद, दुसरं थेट २०१६मध्ये. त्या सामन्यातले फुट्सक्रेच्याच जॅक कॉलिन्सचे सात गोल सगळ्यांना पाठ असतात. पण त्या दिवशी सटन स्वतः फॉरवर्ड पॉकेटला (प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळच्या कोपऱ्यात) खेळला आणि त्याने तीन गोल केले. मला तर कॉलिन्सपेक्षा हेच जास्त भन्नाट वाटतं.

तर प्रश्न असा: आयुष्यभर बचाव केलेल्या माणसाने ऐन फायनलला स्वतःला पुढे का नेलं असेल? आणि प्रशिक्षकच मैदानात धावत असताना बाहेरून खेळाडू बदलायचा निर्णय कोण घ्यायचं? त्या काळी राखीव खेळाडू दोनच असत आणि बाहेर गेलेला परत येऊ शकत नसे, म्हणजे चूक महागातच पडणार.

त्या काळच्या वर्तमानपत्रांतली कात्रणं किंवा क्लबच्या जुन्या चाहत्यांकडून ऐकलेलं काही असेल तर इथेच टाका. सटनचा संघसहकारी टेड व्हिटनबद्दलचं साहित्य भरपूर मिळालंय, ते नको.