घरच्या शेडमध्ये टू-पोस्ट (दोन खांबांची, गाडी वर उचलणारी) लिफ्ट बसवायचीय, खाली काळी माती आहे, जमेल का?

पद्मिनीप्रेमी_मांजरी
नमस्कार मंडळी. पुण्याजवळच्या मांजरी गावात आमचं घर आहे, मागे पत्र्याचं शेड आहे, आतून रुंदी १४ फूट आणि लांबी २२ फूट, पत्रा उताराचा आहे म्हणून एका बाजूला उंची साडेदहा फूट आणि दुसऱ्या बाजूला १३ फूट मिळते. वडिलांची प्रीमियर पद्मिनी खालून पूर्ण करायला घेतलीय, फ्लोअर सडलाय, मागच्या पाट्यांचे बुश गेलेत, गिअरबॉक्स उतरवायचाय, आणि हे सगळं गाडी स्टँडवर ठेवून पाठीवर झोपून करणं आता नको वाटतं, वेल्डिंगच्या ठिणग्या सरळ तोंडावर येतात. शिवाय घरची स्विफ्ट आहे, तिचं ऑइल, ब्रेक मी घरीच करतो.

४ टनी टू-पोस्ट बघतोय, वर आडवा बीम नसलेली, केबल खालच्या प्लेटमधून जाणारी. जमीन शहाबादी फरशीची आहे, खाली कोबा (साध्या काँक्रीटचा थर) आहे म्हणतात पण किती जाड ते घरात कुणालाच आठवत नाही. लिफ्टवाला म्हणतो चार इंच काँक्रीट असलं की झालं, आमचा माणूस येऊन बोल्ट मारून देईल. लाइट सिंगल फेज. एका मित्राचं म्हणणं सरळ पिट (गाडीखाली उभं राहायचा खड्डा) खण, लिफ्टचा खर्च कशाला. कुणी घरी केलं असेल तर नीट सांगा, घाई नाहीये.

सिव्हिल_हडपसर
शहाबादी फरशीवर किंवा तिच्या खालच्या कोब्यात लिफ्टचा एकही बोल्ट मारू देऊ नका, लिफ्टवाला काहीही म्हणो. कोबा चालण्यासाठी असतो, त्यात सळई नसते.

लोकांना वाटतं लिफ्टचं वजन खाली दाबतं, मग जमीन फुटणार नाही एवढं बघितलं की झालं. टू-पोस्टमध्ये तसं नसतं. आर्म खांबापासून आत निघालेले असतात आणि गाडी त्यांच्या टोकावर बसते, त्यामुळे दोन्ही खांब आतल्या बाजूला, म्हणजे गाडीवर, पडायला बघत असतात आणि बेसप्लेटचे (खांबाच्या तळाच्या प्लेटचे) बाहेरच्या बाजूचे बोल्ट जमिनीतून वर उपटले जात असतात. ढोबळ हिशोब सांगतो. पद्मिनी साधारण ९०० किलो धरा, एका खांबावर ४५०. आर्मच्या टोकावरचे पॅड बेसप्लेटच्या आतल्या कडेपासून ८० सेंटीमीटर पुढे धरले तर मोमेंट, म्हणजे खांब उलथवणारा जोर, झाला ४५० किलो गुणिले ०.८ मीटर, म्हणजे ३६०. बाहेरचे बोल्ट त्याच कडेपासून ३३ सेंटीमीटरवर धरले तर त्यांच्यावर मिळून ११०० किलोच्या आसपास वर ओढ. ही छोट्या गाडीची गोष्ट, उद्या पाहुण्यांची इनोव्हा चढवली की हाच आकडा दुपटीच्या घरात जातो. आणि जमिनीवरच्या प्लेटमुळे दोन खांब बांधले जातात असा एक समज आहे, ती प्लेट मुख्यतः केबल आणि होज झाकायला असते, तिच्यावर विसंबू नका.

आता चार इंचाचं. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकेत कमीत कमी जाडी तेवढी दिलेली असते हे खरं, पण ती चांगल्या दाबलेल्या जमिनीवरच्या पक्क्या काँक्रीटसाठी. मांजरीची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसता स्लॅब टाकला तर एक बाजू वर, एक खाली आणि दोन वर्षांत खांब ओळंब्याला राहणार नाहीत. म्हणून दोन खांबांखाली दोन वेगळे ठोकळे टाकायचा सल्ला कुणी दिला तर तो पण ऐकू नका, दोन ठोकळे दोन तऱ्हेने हलतात. एकच सलग राफ्ट, म्हणजे दोन्ही खांबांखाली एकच जाड काँक्रीटची लादी, पाहिजे.

मी तुमच्या जागी काळी माती मुरूम लागेपर्यंत काढली असती, मुरूम लवकर नाहीच लागला तर निदान ३ फूट, आणि चांगला मुरूम ६-६ इंचाच्या थरात पाणी मारून, कॉम्पॅक्टर फिरवून भरला असता. मग सोलिंग (दगडांचा थर), त्यावर ३ इंच पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), त्यावर ८ इंच आरसीसी (सळईचं काँक्रीट), एम-२५ ग्रेडचं, १० एमएम सळई ६ इंचावर दोन्ही दिशांना, वर आणि खाली दोन जाळ्या. साडेतेरा बाय तेरा फुटाचा राफ्ट धरला तर ११७ घनफूट होतं, सव्वा ब्राससुद्धा नाही (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), त्यामुळे आरएमसीवाले (तयार काँक्रीट गाडीतून आणून देणारे) छोट्या ऑर्डरचे जास्त पैसे मागतील पण तिथे पैसे वाचवू नका. साइटवर घमेल्याने मोजून केलेल्या मालाचा एम-२५ होईल याचा भरवसा नसतो. भिंतीच्या बाजूने थर्माकोलची पट्टी टाकून राफ्ट सुटा ठेवा, आणि खोदताना शेडच्या खांबांचे पाय उघडे पडणार नाहीत असं एकेका बाजूने खोदा. राफ्ट लेव्हलमध्ये पाहिजे, गाडी धुवायच्या पाण्याचा उतार राफ्टच्या बाहेर द्या. वर मातीची आळी (बांध) करून पाणी साठवा आणि २८ दिवस पूर्ण झाल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका, एम-२५ मधला २५ हा आकडाच २८ दिवसांच्या ताकदीचा आहे.

माझ्या हिशोबावर थांबू नका, तुमच्या लिफ्टच्या पुस्तिकेतला फाउंडेशनचा ड्रॉइंग घेऊन एखाद्या स्ट्रक्चरलवाल्याला प्रत्यक्ष जागा दाखवा.

इतर वाचणाऱ्यांसाठी एक. सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्ये किंवा बेसमेंटवरच्या स्लॅबवर हे अजिबात करू नका. नव्या बिल्डिंगमध्ये पोस्ट-टेन्शन स्लॅब (आत ताणलेल्या पोलादी केबल असलेले) असू शकतात, त्यातली ताणलेली केबल ड्रिलने तुटली तर जीव जाईल आणि स्ट्रक्चर पण.

गॅरेज_नानापेठ
दादा, आपलं गॅरेज हाय, टू-पोस्टवर रोज काम असतंय म्हणून सांगतो. काँक्रीटचं वरच्या साहेबांनी बरोबर सांगितलंय, मी गाडीचं सांगतो.

तुमची पद्मिनी खालून सडलीय म्हणताय ना, मग आधी साईडच्या पट्ट्या बघा, जिथं आर्मचं पॅड लागणार. हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघा, आवाज बसका आला की तिथं पत्रा गेलेला. अशा गाडीला तिथून उचललं की पॅड आत घुसतंय आणि गाडी तिरकी होतीय. आधी स्टँडवर ठेवूनच सिल (त्याच साईडच्या पट्ट्या) आणि जॅकिंग पॉइंट वेल्ड करून पक्के करा, मग लिफ्टवर घ्या. थोडं काम पाठीवर झोपूनच करायला लागणार, त्याला इलाज न्हाई.

दुसरं, इंजिन-गिअरबॉक्स पुढून काढला की गाडीचा तोल मागं जातोय. गाडी आर्मवर नुसती टेकलेली असतीय, बांधलेली न्हाई. म्हणून गिअरबॉक्स सोडायच्या आधी मागं उंच स्टँड लावायचा. मागचा अॅक्सल काढणार असाल तर उलटं, पुढं स्टँड. हे न करता काम करणारी पोरं बघितलीत मी आणि लई वाईट वाटतं, कारण स्टँड लावायला दोन मिनिटं लागत्यात.

गाडी चढवताना चाकं जमिनीपासून अर्धा फूट सुटली की थांबायचं, हातानं जोरात हलवून बघायची, चारी पॅड तपासायचे, मगच वर. पाहिजे तेवढी उंची झाली की खाली सोडून लॉकवर बसवायची. हायड्रॉलिकच्या प्रेशरवर गाडी ठेवून खाली शिरायचं न्हाई कधीच. दोन्ही खांबांचा लॉक एकदम टकटक वाजला पाहिजे, एक मागं-पुढं वाजायला लागला की केबल ढिली पडलीय, काम बंद.

जुनी लिफ्ट घेणार असाल तर हायड्रॉलिकऐवजी स्क्रूवर चालणाऱ्या टाळा. त्यात नट झिजतो, खाली सेफ्टी नट असतो, दोघांतली गॅप बदलत गेली की वरचा संपत आला. ती गॅप मोजायची सवय नसलेल्या माणसाच्या घरी ते मशीन नको. बोल्ट मात्र नवेच, जुने काढलेले परत मारायचे न्हाईत.

जिप्सीवाला_कोथरूड
माझ्याकडे मिड-राइज सिझर लिफ्ट (कात्रीसारखी उघडून मध्यम उंचीवर नेणारी) आहे, गाडी मीटरभर वर जाते, ब्रेक, सस्पेन्शन, चाकं यासाठी एकदम मस्त आणि काम झालं की आडवी पडून राहते, वरून गाडी पार्क करता येते. पण तुम्हाला मी ती सुचवणार नाही कारण पद्मिनी रिअर व्हील ड्राइव्ह आहे, गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्ट बरोबर मधोमध, आणि सिझरची सगळी यंत्रणा पण तिथेच असते, जिथे हात घालायचा तिथेच लोखंड येतं.

पिटचं मी कळकळीने सांगतो, नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती खड्ड्यात जाऊन बसते आणि वास येईपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. तुम्ही वर वेल्डिंग करणार, जुनी टाकी, जुने पाइप, एक ठिणगी पुरे. शिवाय मांजरीत पावसाळ्यात त्या खड्ड्यात विहिरीसारखं पाणी येईल.

उंचीचं गणित असं. पद्मिनी पावणेपाच-पाच फूट, स्विफ्ट पाच, लिफ्ट वर नेते साधारण सहा फूट, म्हणजे अकरा. साडेदहाच्या बाजूला टप पत्र्याला लागणार. खांब उंच बाजूकडे सरकवा आणि मर्यादा ठरवणारा लिमिट स्विच वर पत्र्याखाली लावून घ्या, तो टपाला लागला की मोटार बंद. पंखा आणि ट्यूबची पट्टी आधीच बाजूला घ्या. रुंदी लिफ्टला सव्वाअकरा-साडेअकरा फूट लागते, तुमच्या १४ मध्ये दोन्हीकडे सव्वा फुटाच्या आसपास उरतं, पॉवरपॅक (मोटार-पंप) एका खांबाच्या बाहेर लटकतो तो मोकळ्या बाजूला घ्या.

लाइटला सिंगल फेज चालेल. २.२ किलोवॅटची मोटार म्हणजे ३ एचपी, चालू असताना १३-१५ अँपिअर, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट ओढते. घरच्या मीटरपासून शेडपर्यंत ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वेगळी लाइन, डी-कर्व्ह एमसीबी (सुरुवातीच्या जास्त ओढीला ट्रिप न होणारा ब्रेकर), वेगळं अर्थिंग. लांब पातळ वायरवर व्होल्टेज पडलं की मोटार नुसती गुणगुणते आणि वाइंडिंग जळतं. महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती आहे तेवढा बघून घ्या.

पद्मिनीप्रेमी_मांजरी
खूप आभार सगळ्यांचे, इतकं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं. पिट रद्द. आज एका कोपऱ्यातली फरशी उचकटून होल मारून बघितलं, कोबा जेमतेम अडीच इंच आणि खाली सरळ काळी माती, मुरूम नाहीच. म्हणजे लिफ्टवाल्याचा माणूस बोल्ट मारून गेला असता तर ते मातीतच गेले असते. दिवाळीनंतर खोदाई काढतो, तोपर्यंत स्टँडवर सिल वेल्ड करतो. बोल्ट मारायचं काम लिफ्टवाल्याकडेच देऊ का वेगळा माणूस बघू?

सिव्हिल_हडपसर
त्यांच्याकडेच द्या म्हणजे वॉरंटीचा वाद नको, पण तुम्ही उभे राहा. होल त्याच मापाच्या बिटने, वाकडं-तिकडं नाही, आतली धूळ पंपाने फुंकून काढलेली, आणि शेवटी टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्याएवढं आवळणं. नुसता पाना घेऊन आलेल्याला परत पाठवा. खांब ओळंब्यात आणायला बेसप्लेटखाली शिम (पातळ पट्ट्या) टाकतील, ते लोखंडी असू द्या. गाडी काही वेळा चढवून उतरवली की परत टॉर्क तपासा, एखादा बोल्ट दर वेळी फिरत असेल तर तो काँक्रीटमध्ये सुटलाय.

गॅरेज_नानापेठ
आणि दादा, खोदायच्या आधी खडूनं जमिनीवर खांब आणि आर्म आखा, स्विफ्ट आत घेऊन दार उघडून बघा. दार खांबाला लागतंय का, आर्म फिरायला जागा हाय का, तेव्हाच कळतंय. पाण्याची किंवा ड्रेनेजची लाइन शेडखालून गेली असली तर तीही आत्ताच वळवून घ्या.