फरमार्क तासभर चालतं, मग गेम का आपटतो?

पौडफाटा
आमच्या ग्रुपवर एकाने टाकलं : "आरटीएक्स ३०६० टीआय, कोअर +१५०, मेमरी +९००. फरमार्क तासभर चाललं, ओव्हरक्लॉक एकदम स्थिर. एकच गेम सारखा डेस्कटॉपवर फेकतो, तो गेमच भिकार आहे." त्यावर भराभर अंगठे पडले. मला ते काही पटलं नाही, म्हणून हा धागा. नवख्यांसाठी : आरटीएक्स ३०६० टीआय हे ग्राफिक्स कार्ड. ओव्हरक्लॉक म्हणजे त्याच्या मुख्य चिपचा (कोअर) आणि मेमरीचा वेग, म्हणजे क्लॉक, मूळ आकड्यापेक्षा इतके मेगाहर्ट्झ वाढवणं. फरमार्क म्हणजे कार्डावर सतत जबर भार टाकणारं चाचणीचं सॉफ्टवेअर.

मूळ सेटिंगवर गेम चालतो आणि ओव्हरक्लॉकवर पडतो, तर ओव्हरक्लॉक अस्थिर आहे. विषय संपला. फरमार्क चालू असताना जीपीयू-झेड (कार्डाचे चालू आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बघा. कार्ड २०० वॉटच्या मर्यादेला टेकलेलं असतं आणि कोअर क्लॉक एरवीच्या बूस्टपेक्षा (कार्ड स्वतःहून गाठतं त्या वरच्या वेगापेक्षा) बराच खाली आलेला असतो. म्हणजे ज्या क्लॉकची परीक्षा घ्यायची, तो वर्गात हजरच नाही! आफ्टरबर्नरमध्ये (ओव्हरक्लॉक करायचं सॉफ्टवेअर) कंट्रोल-एफ दाबलं की व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचा वक्र दिसतो. +१५० केलं की तो अख्खा वर सरकतो. फरमार्क त्याच्या खालच्या भागात रेंगाळतं. गेमचा मेनू, लोडिंग स्क्रीन अशा हलक्या जागी कार्ड वक्राच्या टोकाला जाऊन बसतं, आणि नेमकं तिथेच पडतं. ग्रुपवरच्या साहेबांचा गेमही लोडिंगलाच पडतो, हे त्यांनीच खाली लिहिलंय.

पुणे३०
"विषय संपला" हे तुम्ही कोण ठरवणार? २०२४ आठवा. अनरिअल इंजिनवर (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) बनलेले गेम 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी', म्हणजे कार्डाची मेमरी संपली, असं सांगून बंद पडायचे. लोकांनी कार्डं बदलली, ड्रायव्हर बदलले, आणि निघालं काय? इंटेलचे १३व्या-१४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर. कंपनीने ऑगस्टमध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नाव व्हिडिओ मेमरीचं, दुखणं सीपीयूचं. गेम पडला की धर कार्डाची मानगूट, ही घाई आहे.

शिवाय ऋतू बघा. एप्रिलात इथे पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. जे सेटिंग डिसेंबरभर बिनतक्रार चाललं ते आता पडत असेल, तर दोष उन्हाळ्याचा. ओव्हरक्लॉकचा कसा?

पौडफाटा
अहो, माझी अट वाचलीत का? "मूळ सेटिंगवर चालतो" असं लिहिलंय. मूळ म्हणजे सगळंच मूळ. रॅमचं एक्सएमपीसुद्धा (रॅम जास्त वेगाने पळवणारं सेटिंग) बंद. तरी पडला तर तुमचं खरं, सीपीयू-रॅमकडे वळा. पण ग्रुपवाल्यांनी तेवढंही केलेलं नाही.

उन्हाळ्याचं अर्धं बरोबर. गरम चिपला त्याच क्लॉकसाठी व्होल्टेज जास्त लागतं, हे खरं. पण एनव्हिडियाची कार्डं तापली की १५-१५ मेगाहर्ट्झने स्वतःच खाली उतरतात आणि थंड असताना वर चढतात. म्हणून काही सेटिंगं भर दुपारी धड चालतात आणि सकाळी पीसी सुरू करून गेम लावला की पहिल्या पाच मिनिटांत पडतात. डिसेंबर आणि मे, दोन्हींत टिकेल तोच ओव्हरक्लॉक खरा.

वॉटमाप्या
दोघंही भांडताय, पण पडतंय कसं ते कोणी विचारलं नाही. गेम बंद होऊन विंडोज जिवंत राहतं, की अख्खा पीसी फट्‌कन रीस्टार्ट होतो? इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा. डिस्प्लेचा नोंद क्रमांक ४१०१ दिसला तर ड्रायव्हर अडकून सावरला, संशय क्लॉकवर. कर्नल-पॉवर ४१ दिसला तर आधी पॉवर सप्लाय बघा. मोठी कार्डं क्षणभर लेबलापेक्षा कितीतरी जास्त वॉट ओढतात. २०२२च्या एटीएक्स ३.० या पॉवर सप्लायच्या मानकात हे झटके सोसण्याचे नियम घालावे लागले ते यासाठीच. तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून "साडेसहाशे वॉट" असं स्टिकर लावलेला निनावी डबा स्वस्तात आणायचा आणि त्यावर कार्डाची पॉवर लिमिट वाढवायची, हा धंदा बंद करा. कार्डाला वीज देणाऱ्या एकाच वायरीला दोन आठ-पिनी टोकं असतील तर तीही दोन्ही लावू नका, दोन वेगळ्या वायरी ओढा.

पुणे३०
गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तरी नोंद ४१चीच पडते, वॉटमापे! ४१चा अर्थ एवढाच की पीसी नीट बंद न होता गेला. त्यावरून पॉवर सप्लाय फेकायला निघू नका.

आणि ४१०१ वर सोपा उपाय आहे. विंडोज कार्डाच्या उत्तराची २ सेकंद वाट बघून ड्रायव्हर रीसेट करतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत टीडीआर-डिलेचे (हीच वाट बघायची मुदत) २चे १० करा, बहुतेकांचं काम होतं.

पौडफाटा
काम होत नाही, बोंब उशिरा होते. कार्डावरचं मोठं आकडेमोडीचं (कंप्यूट) काम खरंच २ सेकंदांपेक्षा लांबत असेल तर तो आकडा वाढवणं ठीक. ओव्हरक्लॉकमुळे अडकलेलं कार्ड दहा सेकंद थांबलं तरी अडकलेलंच राहणार. स्क्रीन तेवढी जास्त वेळ गोठते, बस.

मेमरीचं राहिलं. जीडीडीआर६ला (कार्डावरच्या मेमरीचा प्रकार) चूक पकडून पुन्हा पाठवायची सोय आहे, त्यामुळे मेमरी जरा जास्त ओढली की पडद्यावर ठिपके येतीलच असं नाही, आधी नुसता वेग घटतो. +९०० लावून मिरवणाऱ्यांनी +६०० वर बेंचमार्क चालवून बघा, स्कोअर जास्त येण्याची बरीच शक्यता आहे. शंभर-शंभरने चढा, स्कोअर चढायचा थांबला की मागे या. आणि कोअर व मेमरी एकदम वाढवू नका, नाहीतर कोण पडलं ते कळणारच नाही.

रेंडरवाली
मी ब्लेंडरवर (थ्रीडी चित्रं आणि ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) पोट भरते, त्यामुळे या चर्चेची मजा वाटते. गेम पडला तर तुम्ही चहा घेऊन परत बसता. रात्री रेंडर लावून झोपलं आणि सकाळी मधल्याच एका फ्रेममध्ये चमकणारा चौकोन दिसला, तर क्लायंटला काय सांगायचं? पडणं परवडतं. न पडता चुकीचं चित्र देणारं कार्ड परवडत नाही. ओसीसीटी या चाचणी-सॉफ्टवेअरची मेमरी चाचणी चुका मोजून दाखवते, ती शून्य नसेल तर माझ्यासाठी ते सेटिंग बाद. मी तर अंडरव्होल्टच करते. पंखा शांत, खोली थंड.

पौडफाटा
ताई, अंडरव्होल्ट हीसुद्धा तीच दोरीवरची कसरत आहे. तोच क्लॉक कमी व्होल्टेजवर पळवायचा. पडायची कारणंही तीच.

रेंडरवाली
माहीत आहे. माझं कार्ड ९०० मिलिव्होल्टवर १९०० मेगाहर्ट्झ धरतं, मी १८०० वर ठेवलंय.

पुणे३०
म्हणजे हजारो रुपयांचं कार्ड घेऊन वर शंभर मेगाहर्ट्झ दान! मग घेतलंत कशाला?

रेंडरवाली
रेंडर पूर्ण व्हावा म्हणून. तुमचा लोडिंगच्या पुढे गेला का गेम?