नोकरी सांभाळून एन्क्लेक्स-आरएनची तयारी: 'सर्वांत आधी काय कराल' हे प्रश्न सतत चुकतात

प्रश्न (स्टाफ नर्स, पंचवटी)

नमस्कार. मी बी.एस्सी. नर्सिंग केले असून नाशिकमधील एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत चार वर्षांपासून काम करते आहे. अमेरिकेतील नोंदणीकृत नर्सच्या (आरएन) परवान्यासाठी एन्क्लेक्स-आरएन ही परीक्षा द्यायचे ठरवून पाच महिने झाले. नाइट उतरल्यावर थोडी झोप काढून रोज तीन तास बसते. औषधे, तपासण्यांची नॉर्मल मूल्ये, आजारांची लक्षणे हे सारे पाठ आहे. तरीही सरावाच्या प्रश्नांत निम्मी उत्तरे चुकतात, त्यातही 'सर्वांत आधी काय कराल' आणि 'कोणत्या रुग्णाकडे प्रथम जाल' हे दोन प्रकार हमखास. 'डॉक्टरांना कळवावे' हा पर्याय दिसला की मी तोच निवडते, कारण वॉर्डात आम्ही तेच करतो, आणि नेमका तोच चुकीचा निघतो. वाचन आणखी वाढवावे, की अभ्यासाची पद्धतच बदलावी?

उत्तर १ (मूळची सिडकोची, परीक्षा उत्तीर्ण)

ताई, वाचन वाढवू नका. डॉक्टर येईपर्यंतच्या पाच मिनिटांत रुग्ण तुमच्या हाती सुरक्षित राहील का, हे या परीक्षेला पाहायचे असते.

समजा, तुमच्याकडे चार रुग्ण आहेत. सीओपीडीचे (फुफ्फुसांचा जुनाट आजार) आजोबा, ऑक्सिजन सॅच्युरेशन ९०; काल ऑपरेशन झालेल्या बाई, वेदना दहापैकी सात; मधुमेहाचा रुग्ण, उपाशीपोटी साखर १६०; आणि डिगॉक्सिन (हृदयाचे औषध) व फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारे औषध) चालू असलेले एक गृहस्थ, ज्यांना सकाळपासून मळमळते आहे, दिव्याभोवती पिवळी वलये दिसत आहेत आणि ज्यांचे पोटॅशियम २.९, म्हणजे कमी, आले आहे. आपली नजर सवयीने ९० वर जाते. पण सीओपीडीत ८८ ते ९२ अपेक्षितच असते. प्रथम जायचे ते चौथ्याकडे, कारण फ्युरोसेमाइडमुळे पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते, ते घटले की डिगॉक्सिनची विषबाधा बळावते आणि हृदयाची लय बिघडू शकते. तिथे गेल्यावर छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, मॉनिटर लावायचा, पुढचा डोस रोखायचा आणि मग ही माहिती हाती घेऊन फोन करायचा. म्हणजे कळवणे चूक नाही, स्वतः तपासण्याआधी कळवणे चूक आहे. उलट तपासणी झाल्याचे प्रश्नातच दिले असेल आणि नर्सच्या हातात काही उरले नसेल, तर कळवणे हेच बरोबर उत्तर असते. हा फरक माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले.

कामाच्या वाटपाचे प्रश्नही आपल्याला परके वाटतात. आपल्या वॉर्डात रुग्णाला भरवणे, कूस बदलणे हे नातेवाईक किंवा मावशी करतात, त्यामुळे कोणते काम कोणावर सोपवावे याचा आपण वेगळा विचारच केलेला नसतो. तिथे स्थिर रुग्णाचे बीपी-पल्स घेणे, आंघोळ घालणे, चालवणे ही कामे सहाय्यकाला देता येतात. पहिली तपासणी, रुग्णाला समजावून शिकवणे आणि उपचाराचा परिणाम जोखणे मात्र आरएननेच करायचे. औषधांची तिकडची नावे एका कागदावर लिहून कपाटाच्या दारावर लावा: पॅरासिटामॉल म्हणजे ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, ॲड्रिनलिन म्हणजे एपिनेफ्रिन.

उत्तर २ (नर्सिंग ट्यूटर, नाशिकरोड)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे; फक्त परीक्षेच्या रचनेविषयी भर घालते. एप्रिल २०२३ पासून नव्या स्वरूपात किमान ८५ व कमाल १५० प्रश्न आणि पाच तास असतात. तुमच्या प्रत्येक उत्तरानुसार संगणक पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी ठरवतो आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. त्यामुळे प्रश्न अवघड होत चालले म्हणून घाबरू नये, आणि ८५ वर परीक्षा थांबली म्हणून निकालाचा अंदाजही बांधू नये.

तीन केस स्टडी ठरलेल्या असतात व प्रत्येकीत सहा प्रश्न असतात: महत्त्वाची लक्षणे ओळखणे, त्यांचा अर्थ लावणे, शक्यतांचा क्रम लावणे, उपाय सुचवणे, कृती करणे आणि परिणाम पाहणे. तुम्ही आयसीयूत आहात, हे सहाही टप्पे तुम्ही रोज न बोलता पार करता. आजच्या ड्युटीतला एक रुग्ण घ्या आणि घरी आल्यावर हे सहा टप्पे त्याच्यासाठी वहीत लिहून काढा. मी माझ्या विद्यार्थिनींना प्रश्नसंचाआधी हेच करायला लावते.

'लागू असलेले सर्व पर्याय निवडा' या प्रकारात आता अंशतः गुण मिळतात, मात्र चुकीच्या पर्यायाचा गुण वजाही होतो. खात्री नसलेल्या पर्यायावर उगाच खूण करू नये.

उत्तर ३ (इंदिरानगर)

अभ्यासाबरोबर नावाकडेही आत्ताच पाहा. परीक्षा केंद्रावर पासपोर्ट लागतो आणि त्यावरील नाव नोंदणीतील नावाशी तंतोतंत जुळावे लागते. माझ्या गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या, पासपोर्ट सासरच्या नावाचा. हे निस्तरण्यात माझे कित्येक महिने गेले. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी कोणत्या नावाने आहे, तेही तपासा. मुंबईचे केंद्र घेतलेत आणि सकाळची वेळ मिळाली, तर आदल्या दिवशीच पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन मुक्काम करा. त्या सकाळी कसारा घाटात गाडी अडकली तर काय, ही धाकधूक घेऊन पाच तासांच्या परीक्षेला बसू नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर

तिघींचे मनापासून आभार. काल रात्री माझ्या जुन्या चुका पुन्हा चाळल्या: 'डॉक्टरांना कळवावे' असे निवडलेल्या एकवीस प्रश्नांपैकी सोळांमध्ये रुग्णाची तपासणी व्हायची बाकी होती. नावाचा घोळ माझाही आहे. सोमवारी सुट्टी आहे. ट्रान्सक्रिप्टसाठी (गुणांची अधिकृत प्रत) म्हसरूळला विद्यापीठात जाणारच आहे, तेव्हा विवाह प्रमाणपत्र सोबत नेऊन तिथेच विचारते.