अ‍ॅनीलिंगला 'अनुशीतन' म्हणायचं का? (पीसीआर, सिकलसेल)

पाटीपेन्सिल: सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या पीसीआर तपासणीचं (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो तपासायचा) माहितीपत्रक मराठीत करते आहे. एक पान तंत्रज्ञांसाठी, एक घरच्यांसाठी. ९५ अंशांना डीएनएचे दोन पेड सुटतात, ५५च्या आसपास प्राइमर, म्हणजे डीएनएचे छोटे तयार तुकडे, त्यांच्यावर बसतात आणि ७२ला पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) पुढचा भाग बांधतं. हेच चक्र पुन्हा पुन्हा चालतं. मधल्या पायरीला, म्हणजे अ‍ॅनीलिंगला, 'अनुशीतन' सुचवला गेलाय. मला तो खटकतोय. दुसरं काय लिहावं?

लोहारआळी: खटकायलाच हवा. अनुशीतन हा धातुकामातला शब्द. तापवायचं आणि भट्टीतच सावकाश निवू द्यायचं, म्हणजे धातूतला ताण जातो. पीसीआरच्या यंत्राची सारी धडपड झटपट थंड करण्याची. आधीच्या चक्रांत तयार झालेले लांब पेड ८० अंशांच्या वरच पुन्हा जुळू लागतात. सावकाश निववलंत तर प्राइमरला जागा मिळायच्या आत ते एकमेकांना गाठतील. 'शीत' आला की वाचणारा निवण्याकडे बघतो, आणि मुद्दा जुळण्याचा आहे.

शुद्धमती: मूळ इंग्रजी शब्दही धातुकामातूनच आलाय. तिथे चालतो आणि मराठीत चालत नाही, हे कसं? परिभाषा एकदा ठरली की अर्थ तिला चिकटतो. रोज नवा शब्द काढला तर परिभाषा कधी रुळायची?

खलबत्ता: रुळायला आधी कुणीतरी वापरावा लागतो ना. प्रयोगशाळेत 'अ‍ॅनीलिंग किती ठेवलंय?' एवढंच ऐकू येतं. घरच्यांच्या पानावर 'प्राइमर चिकटतात' लिहा, मोकळे व्हा.

लोहारआळी: 'चिकटतात'ने डिंक आठवतो. प्राइमर डीएनएची अक्षरं जुळली तरच बसतो, ए समोर टी, जी समोर सी. म्हणून 'जुळणी'. तापमानही त्यावरच ठरतं. ए-टीचे प्रत्येकी २ आणि जी-सीचे प्रत्येकी ४ अंश धरायचे. २० अक्षरी प्राइमरमध्ये १० जी-सी असतील तर बेरीज ६०, त्याहून ५ खाली म्हणजे ५५पासून सुरुवात. हा ठोकताळा आहे, पुढे एकेक अंशाने वरखाली करून बघावंच लागतं. कमी ठेवलं तर अर्धवट जुळणाऱ्या जागीही प्राइमर बसतो आणि जेलवर (तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करतात तो थर) नको ते पट्टे येतात. जास्त ठेवलं तर काहीच येत नाही.

गवतफूल: 'पेड' वाचून बरं वाटलं, वेणीचा पेड. पण 'दुपदरी' आपल्याकडे आधीपासून आहे, मग 'पदर' का नको?

शुद्धमती: पदर एकावर एक पडतो, पेड एकमेकांत वळतो. डीएनएला पेडच. आणि 'प्राइमर'चं काय? रंगारी भिंतीला मारतो तो?

गवतफूल: मी तर 'नांदी' म्हणेन! नांदी झाल्याशिवाय नाटक नाही, तसं त्याच्यावाचून पॉलिमरेजचं पान हलत नाही.

खलबत्ता: नांदी एकदाच होते हो. इथे दर चक्राला नवा प्राइमर खर्ची पडतो. २५ मायक्रोलिटरमध्ये ०.४ मायक्रोमोलर प्राइमर म्हणजे सुमारे ६ लाख कोटी रेणू. त्यासमोर ५० नॅनोग्रॅम मानवी डीएनएमध्ये हव्या त्या जागेच्या प्रती जेमतेम १५ हजार. पॉलिमरेज कोऱ्या पेडावर आपणहून सुरुवात करू शकत नाही, आधीच्या तुकड्याचं टोक पुढे वाढवणं एवढंच त्याला येतं. 'प्राइमर' तसाच ठेवा.

लोहारआळी: मुळात पत्रकात 'डीएनएच्या प्रती काढतात' असं असेल तर ते आधी बदला. अख्ख्या डीएनएची प्रत निघत नाही, दोन प्राइमरांमधल्या तुकड्याचीच निघते.

शुद्धमती: मग 'द्विगुणन'. दर चक्राला दुप्पट, नेमका शब्द.

लोहारआळी: दुप्पट कागदावर. पीसीआरचा पहिला शोधनिबंध १९८५चा, आणि तो सिकलसेलच्या निदानावरच होता. त्यात २० चक्रांत वाढ २ लाख २० हजार पट झाली. चोख दुप्पट होत गेली असती तर साडेदहा लाखांच्या घरात गेली असती. तेव्हा टॅक, म्हणजे उष्णता सोसणारं पॉलिमरेज, नव्हतं, दर वेळी तापवलं की विकर मरायचं, म्हणून प्रत्येक चक्रात नवं घालावं लागे. टॅक आल्यावर ती कटकट गेली, तरी ३०-३५ चक्रांनंतर वाढ मंदावतेच. 'गुणन' पुरे.

पाटीपेन्सिल: बरं. आता घरच्यांच्या पानावरचं वाक्य, 'या तपासणीत जनुकातला दोष सापडतो'. ठीक आहे?

वऱ्हाडकर: 'दोष' अजिबात नको. गडचिरोली, नंदुरबारकडे 'एएस पॅटर्न' आणि 'एसएस पॅटर्न' हे शब्द लोकांच्या तोंडी आहेत, आणि एएस म्हणजे वाहक, रोगी नव्हे; रोगी तो एसएस, आणि बदल नसलेला तो एए. 'दोष' लिहिलंत की वाहक मुलीचं लग्न अडतं. 'एका अक्षराचा बदल' लिहा. खरोखर तेवढंच आहे, बीटा ग्लोबिनच्या जनुकात 'जीएजी'चं 'जीटीजी' होतं.

शुद्धमती: 'बदल' फार मोघम. 'उत्परिवर्तन' आहे की.

वऱ्हाडकर: आशाताई ते वाचून दाखवतील आणि ऐकणारे माना डोलावतील. त्यापेक्षा तपासणीत काय होतं ते सांगा. गुणन झालेल्या तुकड्यावर डीडीई-वन हे कापणारं विकर घालतात. ते 'सीटीएन-एजी' ही खूण शोधतं, 'एन'च्या जागी कुठलंही अक्षर चालतं. नेहमीच्या जनुकात ती खूण असते, तिथे तुकडा तुटतो. एसमध्ये ए जाऊन टी आलेला, खूण मोडते, तुकडा अखंड राहतो. एएसमध्ये तुटलेले आणि अखंड, दोन्ही पट्टे.

खलबत्ता: आणि विकर पुरेसं चाललं नाही तर सरळ एएचाही एएस दिसतो. म्हणून खात्रीचा एए नमुना सोबत कापायचा. तो पूर्ण तुटला नाही तर त्या दिवसाचे निकाल वाचायचेच नाहीत. रक्त गोठू नये म्हणून नळीत हेपरिन किंवा ईडीटीए असतं; हेपरिनच्या नळीत घेतलेलं असेल तर पीसीआरच अडतं, ईडीटीएची नळी हवी, हे तंत्रज्ञांच्या पानावर ठळक घाला. डीएनए न घातलेली एक नळीही दर वेळी लावायची. तिच्यात पट्टा दिसला तर कुठेतरी आधीच्या गुणनातला डीएनए सांडलाय.

गवतफूल: 'विकर' की 'वितंचक'?

शुद्धमती: विकर. त्यावर वेगळी चर्चा काढा.

वऱ्हाडकर: गर्भाची तपासणी असेल तर आणखी एक. वारेच्या तुकड्यासोबत आईच्या पेशी आल्या आणि आई एएस असली तर एए किंवा एसएस गर्भही एएस दिसू शकतो. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली वेचून साफ करायचा, आईच्या डीएनएशी ताडून बघायचं, आणि मगच अहवाल.

गवतफूल: 'वार' की 'अपरा'?