संभाजीनगरचा अँटेनावरचा डिजिटल सिग्नल चाळीसगावकडे येतो का? केबल कायमची गेली

गिरणाकाठ

राम राम मंडळी. गाव मेहुणबाऱ्याच्या बाजूला, तालुका चाळीसगाव.

आमच्या केबलवाल्याने धंदा गुंडाळला. रस्त्याच्या कामात वायर तुटली ती त्याने परत ओढलीच नाही. गिऱ्हाईकच उरलं नाही म्हणतो, आणि खोटं नाही ते. ज्याला परवडलं त्याने डिशची छत्री लावली, पोरं मोबाईलवर गेली, उरले आमच्यासारखे चार-दोन.

माझं सोडा, मला टीव्ही लागत नाही. पण अण्णांना संध्याकाळच्या सह्याद्रीच्या बातम्या लागतात आणि शेतीचा कार्यक्रम लागतो. बातम्यांशिवाय जेवायला बसायचे नाहीत. आता निळ्या पडद्यासमोर बसतात आणि मायला विचारतात, "मन्ह्या बातम्या कथा गयात वं?" माय म्हणते, टीव्हीला विचारा.

मुद्दा असा. मावसभाऊ संभाजीनगरला राहतो. त्याच्या टीव्हीला ना केबल ना डिश, गच्चीवर छोटा अँटेना आणि दूरदर्शनची चॅनलं एकदम काचेसारखी स्वच्छ. पैसे शून्य. तो म्हणतो, तुमच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर, तर वीस फुटी पाईप आधीच उभा आहे, ऑनलाइन 'डिजिटल एचडी अँटेना, २०० मैल रेंज' असा मिळतो तो लाव. त्याचं म्हणणं, म्हैसमाळचा टॉवर घाट ओलांडला की आलाच.

नकाशावर खरंच जवळ दिसतं. कुणी खान्देशात पकडलंय का? घ्यायच्या आधी विचारतोय.

कोथरूडकर_मूळचा_अमळनेर

२०० मैल वगैरे विसरा. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचं 'वेव्हज' नावाचं ॲप आहे, २०२४ च्या नोव्हेंबरात आलं, त्यावर दूरदर्शनची चॅनलं फुकट लाइव्ह दिसतात. मोबाईल टीव्हीला जोडा, विषय संपला.

गिरणाकाठ

दादा, विषय पुण्यात संपतो. आमच्याकडे संध्याकाळी सात वाजता सगळं गाव एकदम मोबाईल उघडतं, तेव्हा रेंजचा पट्टा असतो पण आत काही येत नाही, गोल फिरत बसतं. आणि अण्णांना रिमोटचं एक बटण कळतं. ॲप उघडून द्यायला रोज घरी कोण बसणार?

पाचोऱ्याचा_अँटेनावाला

भाऊ, तो अँटेना घेऊ नका. मी पाचोऱ्याला टीव्ही दुरुस्ती करायचो, आता निम्मं दुकान मोबाईलचं झालंय, पण आयुष्य धाब्यांवर अँटेनाच्या काड्या फिरवण्यात गेलं. म्हणून जरा लांब लिहितो.

मावसभावाचं खरं आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत दूरदर्शनने १६ शहरांत अँटेनावरचं डिजिटल प्रसारण सुरू केलं. डीव्हीबी-टी२ म्हणतात त्याला. त्या यादीत महाराष्ट्राची शहरं दोनच, मुंबई आणि औरंगाबाद. वर मध्यप्रदेशात इंदूर आणि भोपाळ. आता तुम्हीच नकाशा काढा. दक्षिणेला औरंगाबाद, मध्ये सातमाळा-अजिंठ्याची भिंत. उत्तरेला इंदूर, मध्ये सातपुडा. तापी-गिरणेच्या खोऱ्यात आपण मधोमध खाली बसलोय. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांच्या वाट्याला यातलं काही आलं नाही.

जुनी सहक्षेपण केंद्रं, म्हणजे साध्या अँटेनाला सिग्नल देणारे टॉवर, मात्र बंद झाली. प्रसार भारतीने २०२१ साली सांगितलं की जुने ॲनालॉग, म्हणजे डिजिटलच्या आधीचे, प्रक्षेपक काढतोय, मोक्याच्या ठिकाणचे पन्नासेक सोडून बाकीचे मार्च २०२२ पर्यंत. तर्क असा की डिश सगळीकडे पोहोचली, आता काडीवर कोण बघतो? तर्क चूक नाही. पण जुनं जवळजवळ सगळीकडून गेलं आणि नवं मोजक्या शहरांत आलं, त्या फटीत तुमचे अण्णा बसलेत.

आता "जवळ दिसतं" याबद्दल. हा सिग्नल रस्त्याने येत नाही, सरळ रेषेत येतो. सपाट जमिनीवर १०० मीटर उंच टॉवर आणि इकडे घराची उंची धरून पाईपचं टोक ९ मीटरवर धरलं तर पृथ्वीचा बाक हिशोबात घेऊन साधारण ५३ किलोमीटर जातो. म्हैसमाळ उंचावर आहे, तिथून तर अजून लांब जायला हवा. पण कन्नड घाट उतरताना गाडीतून खाली बघितलंय ना? पठार एकदम तुटतं आणि चाळीसगाव पायथ्याशी लागतं. त्या कड्याची सावली पडते आपल्यावर. पाटणादेवीला उभं राहून दक्षिणेला बघा, समोर फक्त डोंगर. टॉवर त्याच्या पलीकडे आहे. मेहुणबारं कड्यापासून थोडं लांब, म्हणून सावली जरा विरळ, एवढाच फरक.

ॲनालॉगच्या काळात असल्या सावलीतही काहीतरी मिळायचं. चित्राला मुंग्या यायच्या, माणसाच्या शेजारी त्याचं भूत दिसायचं, आवाज खरखर करायचा, पण बातमी कळायची. उन्हाळ्यात रात्री हवेचे थर गरम-गार झाले की लांबची केंद्रं लागायची. मे महिन्यात एखाद्या रात्री गुजराती नाटक चालू व्हायचं आणि लोक मला बोलवायचे, टीव्ही बिघडला म्हणून! डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. सिग्नल एका रेषेच्या वर असला तर चित्र काचेसारखं, जरा खाली गेला की पडदा काळा. अर्धवट असं काही नाहीच. मावसभावाकडे काचेसारखं दिसतं म्हणजे तुमच्याकडे निदान धूसर तरी दिसेल, हा हिशोब इथे लागू होत नाही.

आणि तुमचा पाईप चांगला असेल, वरच्या काड्या कामाच्या नाहीत. त्या जुन्या व्हीएचएफ लहरींच्या, पाऊण मीटर लांब. डीव्हीबी-टी२ यूएचएफ या आखूड लहरींवर आहे, त्याला फूटभराच्या काड्या लागतात. खाली आलेली चपटी वायरही बाद. शिवाय टीव्हीत हा सिग्नल उलगडणारा टी२ ट्यूनर हवा, आपल्याकडे विकलेल्या पुष्कळ टीव्हींत तो नसतोच. सेटिंगमध्ये नुसतं 'अँटेना' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. २०० मैलवाल्या डब्यात एक ॲम्प्लिफायर असतो. येणारा सिग्नल तो वाढवतो. न येणारा कुठून आणणार? कोरड्या विहिरीवर पाच एचपीची मोटर बसवल्यासारखं आहे ते.

फ्री डिश लावा. दूरदर्शनचीच आहे, २००४ च्या डिसेंबरपासून. महिन्याचं भाडं नाही. एकदाच दीड-दोन हजार, डिश, बॉक्स, वायर धरून. सह्याद्री आहे, डीडी किसान आहे.

धडगावचा_मास्तर

पाचोरेकरांच्या म्हणण्याला नंदुरबारकडून जोड देतो. अक्राणीत काडीचा टीव्ही एकाच पाड्यावर वरच्या घराला लागायचा आणि खालच्या घराला नाही. त्यामुळे आमच्याकडे डोंगर हा शब्द कुणाला समजवावा लागत नाही.

केंद्राची 'बाइंड' नावाची योजना जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झाली, रक्कम २,५३९ कोटींच्या वर. त्यात दुर्गम, आदिवासी, सीमेवरचे भाग आणि आकांक्षित, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेल्या, जिल्ह्यांसाठी ८ लाखांहून जास्त फ्री डिश बॉक्स मोफत द्यायचं ठरलं. नंदुरबार आकांक्षित जिल्हा आहे. चाळीसगाव त्यात बसणार नाही, पण इथे नवापूर-अक्कलकुव्याकडचे कुणी वाचत असतील तर ग्रामपंचायतीत विचारा. विचारल्याशिवाय आपल्याकडे काही येत नाही, हा नोकरीतला अनुभव.

कोथरूडकर_मूळचा_अमळनेर

पण फ्री डिश म्हणजे उतरती कळा नाही का? आमच्या आत्याकडे होती, दर एप्रिलला अर्धी चॅनलं गायब. आणि पाऊस आला की बंद.

पाचोऱ्याचा_अँटेनावाला

दोन्ही खरं आहे, लपवत नाही.

खासगी चॅनलं तिथे लिलावात जागा विकत घेतात, एप्रिल ते मार्च. परवडलं नाही की जातात. २०२२ च्या एप्रिलमध्ये चार मोठ्या कंपन्यांनी आपली हिंदी मालिकांची चॅनलं एकदम काढून घेतली. माझ्याकडे बायका बॉक्स घेऊन आल्या, बिघडला म्हणून. बिघडलं काही नव्हतं, मालकांनी हात काढला होता. मराठी खासगी चॅनलांचंही तसंच, यंदा आहे ते पुढच्या वर्षी असेल अशी हमी मी कुणाला देत नाही. पण अण्णांना हवंय ते सह्याद्री. ते दूरदर्शनचं घरचं आहे, लिलावात नाही.

पावसाचं म्हणाल तर हा सिग्नल ११ गिगाहर्ट्झच्या आसपासचा, जाड थेंब त्याला गिळतात. आभाळ दाटून आलं की दहा-पंधरा मिनिटं जातो आणि येतो. जुनी काडी भर पावसात चालायची, हे मी मान्य करतो. आणि पूर आला, तारा तुटल्या, तेव्हाच बातम्या लागतात माणसाला. जमिनीवरचा टॉवर काढून टाकताना कुणीतरी याचा विचार करायला हवा होता, असं माझं मत आहे. दुकानदार म्हणून नाही, गिरणेचा पूर बघितलेला माणूस म्हणून.

केबल परत सुरू होईल याची वाट बघू नका. मार्च २०१७ ला खेड्यांतलीही साधी केबल बंद करून सगळ्यांना बॉक्स घ्यायला लावले. मग २०१९ च्या फेब्रुवारीत ट्राय या सरकारी नियामकाचा नवा दर आला, पहिल्या १०० चॅनलांना १३० रुपये, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि पैशाची चॅनलं वेगळी. तेव्हाच आमच्याकडची निम्मी गल्ली केबल सोडून गेली. खेड्यातल्या केबलवाल्याचं कंबरडं तिथे मोडलं.

वांग्याचं_भरीत

विषय सोडून विचारतो, माफ करा. केबलवर डीडी नॅशनलला भारताची मॅच लागत नाही आणि फ्री डिशवाल्याच्या घरी लागते, हे कसं काय? आमच्या भुसावळच्या बिल्डिंगमध्ये यावरून भांडण झालंय.

पाचोऱ्याचा_अँटेनावाला

भरीत खाऊन भांडा. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र खासगी कंपनीने दूरदर्शनला द्यावं लागतं. कंपन्या म्हणाल्या, तेच चित्र केबलवर फुकट गेलं तर आमचं चॅनल पैसे देऊन कोण घेणार? सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०१७ मध्ये निकाल दिला की ते दूरदर्शनच्या स्वतःच्या टॉवरवर आणि फ्री डिशवर दाखवा, केबल आणि खासगी डीटीएचवर नाही. म्हणून केबलवर त्या वेळात दुसरंच काहीतरी लागतं. आपल्याकडे टॉवर उरला नाही, म्हणजे हक्काची फुकट मॅच आता फ्री डिशवरच.

गिरणाकाठ

तुम्ही तर सगळंच उलगडून ठेवलं. अँटेना रद्द.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, मॅच नको, बातम्या लावा. आता दोन अडचणी. घराच्या आग्नेयेला निंब आहे मोठा, मायने लावलेला, तोडायचं नाव काढायचं नाही. आणि माळ्यावर जुन्या डीटीएचची डिश पडलीय, रिचार्ज बंद केल्यापासूनची. ती चालेल?

पाचोऱ्याचा_अँटेनावाला

डिश चालेल, वाकलेली नसली तर. बॉक्स चालणार नाही, तो त्या कंपनीचा असतो. नवीन बॉक्स एमपीईजी-४ वाला, म्हणजे चित्र उलगडायच्या नव्या पद्धतीचा घ्या. स्वस्तात जुना एमपीईजी-२ वाला गळ्यात मारतात, त्यात काही चॅनलं उघडतच नाहीत. टीव्ही अलीकडचा असेल तर आधी मागे बघा, 'एलएनबी इन' असं डिशची वायर लावायचं भोक असलं तर बॉक्सचाही खर्च वाचू शकतो. पण अण्णांना एक बटण कळतं म्हणालात, तर बॉक्सच बरा. टीव्हीच्या मेनूत शिरले की बाहेर येणार नाहीत.

निंबाचं सांगतो. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. आपल्याकडून तो आग्नेयेला दिसतो, पौषात सूर्य जिथून उगवतो त्याच्याही बराच दक्षिणेला. आणि वर चांगला ५८ अंश उभा. म्हणजे डिश जमिनीकडे नाही, आभाळाकडे बघते. डिशपासून झाडापर्यंत जेवढं अंतर, त्याच्या दीडपटीपेक्षा झाडाचा शेंडा डिशच्या वर जात नसेल तर निंबाला हात लावायची गरज नाही. डिश धाब्याच्या वायव्य कोपऱ्यात सरकवा, अंतर आपोआप वाढतं. पावसाळ्यात पालवी दाट होते, म्हणून दोन-चार फूट जास्तच धरा.

वायर आरजी-६ घ्या, मध्ये जोड नको. डिशचा पाया सिमेंटमध्ये पक्का करा, नाहीतर मेच्या वादळात तोंड फिरतं.

गिरणाकाठ

अंतर मोजलं. डिश वायव्य कोपऱ्यात ठेवली तर झाड तीस फुटांवर येतं, आणि शेंडा धाब्याच्या वर पस्तीस-चाळीस फूट असेल अंदाजे.

पाचोऱ्याचा_अँटेनावाला

तीसला पंचेचाळीसपर्यंत चालतं. बसतंय. शेंडा आत्ताच चाळीसला असेल तर दोन पावसाळ्यांनी वरच्या फांद्या जरा छाटाव्या लागतील, ते मायला आत्ताच सांगून ठेवा.

धडगावचा_मास्तर

आणि बॉक्सचा रिमोट अण्णांच्या हातात द्यायच्या आधी सह्याद्रीला फेव्हरेटमध्ये टाका. आमच्याकडे एका म्हाताऱ्या बाबांनी पूर्ण पावसाळा तेलुगू बातम्या बघितल्या. म्हणाले, माणूस चांगलं बोलतो, पण कुठलं बोलतो ते कळत नाही.